संशोधकाच्या टिपणांना कुलूप कोणाचे?

विद्यापीठात संशोधनासाठी नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच वर्षी एक निवड येते. वाचलेल्या ग्रंथांची व लेखांची नोंद ठेवणारी आणि प्रबंध लिहिताना तळटीपा व संदर्भसूची आपोआप रचून देणारी संगणकप्रणाली कोणती घ्यावी? एंडनोट, मेंडेले की झोटेरो? मार्गदर्शक सांगतात की हा सवयीचा प्रश्न आहे. ग्रंथपाल सोयीगैरसोयींचा तक्ता पुढे करतात. मालकीचा प्रश्न ज्यांनी सर्वांत आधी विचारायचा, ते पुरोगामी प्राध्यापकही ही बाब कारकुनी समजून सोडून देतात. ज्ञानाच्या बाजारीकरणावर व्याख्याने द्यावीत आणि स्वतःची टिपणे कोणाच्या गोदामात पडली आहेत याची चौकशीही करू नये, याला काय म्हणावे?

या कारकुनी बाबीसाठी एका बहुराष्ट्रीय कंपनीने एका सार्वजनिक विद्यापीठाला न्यायालयात खेचले होते, हे येथे सांगणे अवश्य आहे. झोटेरो ही प्रणाली 2006 साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहासविषयक केंद्राने तयार केली. ती विनामूल्य होती. शिवाय तिची घडण कोणालाही पाहता, बदलता व वाटता येईल अशी खुली होती. सप्टेंबर 2008 मध्ये, एंडनोट तेव्हा जिच्या मालकीची होती त्या थॉमसन रॉयटर्सने विद्यापीठावर दावा लावला आणि वर्षाला 1 कोटी डॉलरची भरपाई मागितली. आरोप असा की, परवान्याची अट मोडून एंडनोटच्या शैली-फायलींची रचना उलगडण्यात आली व झोटेरोला त्या वाचता येऊ लागल्या. या फायलींत असते काय? आडनाव आधी की नाव, वर्ष कंसात की बाहेर, स्वल्पविराम कोठे! हे नियम त्या त्या नियतकालिकांच्या संपादकांनी घालून दिलेले. कंपनीने ते आपल्या पेटीत भरले आणि पेटी उघडणाऱ्याला चोर ठरवले. जून 2009 मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला. पण कुलुपाची किंमत किती मोठी मानली जाते, हे त्या आकड्यावरून उघड झाले.

मेंडेलेची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण ती फुकट मिळते आणि फुकटाला हरकत काय, असा प्रश्न हमखास केला जातो. काही तरुण संशोधकांनी लंडनमध्ये उभारलेली ही प्रणाली एप्रिल 2013 मध्ये एल्सेव्हियर या बलाढ्य प्रकाशन कंपनीने विकत घेतली. 2018 साली तिच्या नव्या आवृत्तीत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरील नोंदसंग्रह सांकेतिक लिपीत बंद करण्यात आला, आणि झोटेरोला तो थेट वाचता येईनासा झाला. कारण दिले गेले सुरक्षिततेचे. वस्तुतः माहिती वापरणाऱ्याची, संगणक वापरणाऱ्याचा. मग ही सुरक्षितता कोणापासून? संदर्भांची यादी बाहेर काढण्याची मुभा राहिली, हे खरे. पण कप्प्यांची मांडणी आणि लेखांवर केलेल्या खुणा-टिपणे त्या यादीत येत नव्हती. पाच वर्षांच्या अभ्यासात मोलाचे असते ते नेमके हेच. पुढे झोटेरोने मेंडेलेच्या सर्व्हरमार्गे आयातीची दुसरी वाट काढली, परंतु तीही मालकाच्या अंगणातूनच जाते. सप्टेंबर 2022 पासून जुनी मेंडेले डेस्कटॉप उतरवून घेण्याची सोयही बंद झाली. कोणी संशोधकांना विचारले होते काय?

एंडनोटही हातोहात फिरली. 2016 साली थॉमसन रॉयटर्सने आपला हा सारा व्यवसाय 3.55 अब्ज डॉलरना गुंतवणूकदार भांडवलाच्या स्वाधीन केला व त्यातून क्लॅरिव्हेट कंपनी उभी राहिली. 2021 साली तिने प्रोक्वेस्ट घेतली आणि तिच्याबरोबर रेफवर्क्स ही प्रतिस्पर्धी प्रणालीही पदरात पडली. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. आता साखळी पाहावी. एल्सेव्हियर नियतकालिके विकते, स्कोपसद्वारे कोणाचा लेख किती वेळा उद्धृत झाला ते मोजते आणि मेंडेलेत संशोधकाची टिपणेही ठेवून घेते. वेब ऑफ सायन्स व इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या हाती आहेत. संशोधक काय वाचतो, कशाला महत्त्व देतो, हे तो छापण्यापूर्वीच कळू शकेल अशी जागा या कंपन्यांनी मिळवली आहे.

भारताला हा प्रश्न परका नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये मंजूर केले. एल्सेव्हियरसह 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके त्यातून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना मिळावयाची आहेत. लेख संशोधकांनी लिहावेत, परीक्षण संशोधकांनीच बहुधा विनामोबदला करावे, वाचण्याचे पैसे जनतेने भरावेत. आणि एवढे झाल्यावर वाचनाची टिपणेही त्याच दारात नेऊन ठेवावीत काय?

झोटेरोही धर्मार्थ चालत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तिच्या सर्व्हरवर 300 मेगाबाइटपलीकडे जागा हवी तर शुल्क पडते, हे खरेच आहे. तिच्यावर काम करणाऱ्यांनाही पोट आहे. पण नोंदी आपल्याच संगणकावर ठेवण्यास मर्यादा नाही, फायली अन्यत्र साठवता येतात, आणि ती चालवणारी ना-नफा संस्था उद्या बंद पडली तरी खुली घडण कोणालाही पुढे नेता येईल. संदर्भशैलींची खुली भाषा व त्यातील हजारो शैली स्वयंसेवकांनी सांभाळल्या आहेत. खुद्द मेंडेलेही त्याच वापरते! शेत सामाईक आणि पीक मात्र खासगी, असा हा न्याय आहे.

एखाद्या शाखेत सहलेखक एंडनोटच वापरत असतील तर एकट्या विद्यार्थ्याने हट्ट धरून नडावे, असे कोणी म्हणणार नाही. दोष त्याचा नव्हे. पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात कोणती प्रणाली शिकवायची, हे विद्यापीठ ठरवते. परवान्यांवर पैसा विद्यापीठ खर्च करते. कोणत्या कंपनीला दरवर्षी किती रक्कम गेली, आणि करार संपल्यावर विद्यार्थ्यांच्या नोंदींचे काय होणार, हे दोन प्रश्न अधिसभेवर निवडून गेलेल्या सदस्यांनी पुढच्या अर्थसंकल्पी बैठकीत लेखी विचारावेत.