अव्वा, अळ्ळाडब्याड!

बंद पडलेल्या एका स्टुडिओतून मी वागीश्वरी कॅमेरा घरी आणला आणि बोलणी खाल्ली. केरळातल्या आलप्पुळाची ही करणी. लाकडी अंग, कातडी भाता. पावणेपाच बाय साडेसहा इंचांची फिल्म इथं कुठली मिळायला? मी छपाईचा कागदच कापून आत घालतो. लाल दिव्यात धुता येतो, पण उजेडाला फार मंद. शटर नाहीच. भिंगाची टोपी काढायची, दोन-तीन मोजायचे, टोपी लावायची.

गेल्या दिवाळीत सासूबाईंना ओसरीवर बसवलं. वय ८६, आणि धड एक फोटो नाही. काळ्या कापडात डोकं घातलं, तर दुधी काचेवर त्या उलट्या, पाय वर! ‘अव्वा, अळ्ळाडब्याड!’ बायकोनं बजावलं. बिचाऱ्यांनी श्वासही रोखला. कागद धुतला, तर नेमका चेहऱ्यावर काळा डाग. भात्याला टाचणीएवढं भोक होतं.

अंधारात भात्याच्या आत विजेरी धरली की भोकं चांदण्यांसारखी दिसतात. हे आधी करायला नको होतं का? आता आतून काळं कापड चिकटवलंय.

सासूबाई सध्या गदगला, धाकट्या मेव्हण्याकडे. फार वेळ बसवत नाही म्हणे. रविवारच्या पहिल्या बसनं निघतोय, कॅमेरा मांडीवर घेऊन.