फुकटाची बादली आणि दहा रुपयांची पुडी

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली दिवसाआड एखादं बिल येऊन पडतं. भांडी घासायचं लिक्विड, हँडवॉश, टूथपेस्ट, सगळं मिळून शून्य रुपये! कूपन लावलं, कार्डावरची सूट घेतली, वर कॅशबॅक. खाली टाळ्यांचा पाऊस. मीही कूपन वापरते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण 'फुकट' हा शब्द आला की माझं डोकं जरा फिरतं.

कारण तो कॅशबॅक खात्यात येत नाही, ॲपच्या वॉलेटमध्ये येतो. बहुतेक वेळा ठरावीक दिवसांत तिथेच खर्च करायचा, त्यासाठी परत किमान अमुक रुपयांची खरेदी करायची. म्हणजे शून्याचं बिल ही पुढच्या बिलावरची उचल झाली.

चारवर एक फ्रीचंही तेच. समजा १०० ग्रॅमची वडी ४० रुपयांना आहे. चार घेतल्या, एक फुकट. १६० रुपयांत ५०० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला ३२ रुपये. शेजारीच १२५ ग्रॅमची सुटी वडी ३८ ला असेल तर ती पडते ३० रुपये ४० पैशांना. झालं का फुकट? पाकिटावर आता ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पडतं ते छापावं लागतं. अक्षर मुंगीएवढं असतं, पण असतं. तेवढंच वाचा, बाकीचे लाल-पिवळे गोळे राहू देत.

आता खरा मुद्दा. ही कूपनं मिळतात कोणाला? ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, कार्ड आहे, एक तारखेला हातात हजार-दोन हजार मोकळे आहेत आणि चार किलोची पावडर ठेवायला घरात कपाट आहे, त्याला. रोजंदारीवर जाणारी बाई संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांची पुडी नेते. तिला ना कूपन, ना बादली. (शॅम्पूची पुडी कधीकधी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, तो अपवाद.) सवलतीचा आणि जाहिरातीचा खर्च कंपनी काही पदरचा घालत नाही, मालाच्या किमतीतच बसवते. मग आपल्या 'शून्य' बिलातला वाटा ती बाईसुद्धा भरते की नाही? तिला कॅशबॅक म्हणाल तर एवढाच, की दुकानदार वहीत लिहून ठेवतो आणि शनिवारपर्यंत थांबतो. ते ॲप तिच्यासाठी करत नाही.

कंपन्यांनी बादल्या वाटण्यापेक्षा सरळ लहान पाकिटाचा भाव उतरवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तसं होईल का? मागितल्याशिवाय तर नाहीच.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. ज्या वस्तूची किंमत एकूण बिलात पूर्ण किंवा थोडी वसूल केली आहे, ती फुकट दिल्याचा आभास निर्माण करणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. द्यायचीच नाही अशा हेतूने भेटवस्तू जाहीर करणं, हेही त्यातच येतं. जून २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये 'फ्री' शब्द कधी वापरायचा नाही, हेसुद्धा सांगितलंय. आणि बिल करताना मोबाईल नंबरसाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय. तरी काउंटरवर पहिला प्रश्न काय? 'मॅडम, नंबर?' सरळ 'देणार नाही' म्हणायचं. मी म्हणते. मागची रांग वैतागते, वैतागू दे.

पाकिटावर बादली छापलेली आणि दुकानात 'ती संपली हो' असं उत्तर मिळालं, तर पाकिटाचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. कोणी तक्रार केली असेल तर पुढे काय झालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, दुकानाचं नाव न घालता.