दरवाढ आणि वीजग्राहक

विजेचे दर वाढणार अशी वार्ता आली की घरोघरी दिवे मालवण्याचा उपदेश सुरू होतो. तो अयोग्य नव्हे. हजार वॅटची शेगडी तासभर पेटली की एक युनिट वीज खर्च होते. तेव्हा काटकसरीने देयक उतरते. परंतु देयकात ‘स्थिर आकार’ नावाची एक रक्कम असते. दिवा लागो वा न लागो, ती भरावीच लागते. ती वाढविली म्हणजे गरिबाची काटकसर व्यर्थ ठरते, आणि हा अन्यायच म्हटला पाहिजे. शिवाय गिरणीत दळणही महागते. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला तर माग बंद ठेवून भागत नाही.

वीज कंपनीचीही बाजू आहे. कोळसा महागतो, तारा जुन्या होतात. म्हणून निवाडा तिसऱ्याने करावयाचा असतो. महाराष्ट्रात १९९९ पासून त्यासाठी वीज नियामक आयोग आहे. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे कंपनीला आपला प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. हरकत कोणाही ग्राहकाला घेता येते. वृत्तपत्रातील ती बारीक अक्षरांची सूचना मात्र बहुतेक घरांतून न वाचताच रद्दीत जाते.