बदली साहित्य

फौजेत 'बदली' हा शब्द कानावर पडला की घरचे आधी खोकी शोधायला लागतात. मराठीत या शब्दाला दुसराही अर्थ आहे: एकाच्या जागी दुसऱ्याला उभे करणे. स्वयंपाकघरात ही दुसरी बदली रोज चालते आणि आपण तिला कौतुकाने जुगाड म्हणतो. मला हे कौतुक पटत नाही. जुगाड म्हणजे हाताला लागेल ते घालणे. बदली करायची तर आधी विचारावे लागते, जो गैरहजर आहे तो नेमके काय काम करत होता?

स्कोनचेच घ्या. मूळ स्कॉटलंडचा हा पदार्थ ब्रिटिशांबरोबर आपल्या मेसमधल्या चहापर्यंत आला. साहित्य अगदी साधे: 225 ग्रॅम मैदा, तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, 55 ग्रॅम थंड बटर, 25 ग्रॅम साखर, 150 मिली दूध. पण लेहमध्ये हिवाळ्यात यातले दोन तरी जिन्नस साठ्यात नसतात.

बटर नाही, म्हणून तितकेच तूप घातले की स्कोन खुसखुशीत होतो खरा, पण फुलत नाही. बटरमध्ये सुमारे 16 टक्के पाणी असते. भट्टीत त्याची वाफ होऊन पदर सुटतात. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून तूप 45 ग्रॅम घ्यावे, दूध एक मोठा चमचा वाढवावे आणि तूप घट्ट गोठलेले असावे. ती सोय लेहची थंडी फुकट करून देते.

बेकिंग पावडर संपली तर खायचा सोडा चालतो, पण एकटा नाही. त्याला आंबट जोडीदार लागतो. दुधाऐवजी तितकेच ताक घेतले तर अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. जास्त घातला की चव साबणासारखी लागते. ताक नसेल तर पावडरच्या दुधात लिंबू पिळून दहा मिनिटे ठेवावे.

मैद्याऐवजी सगळी कणीक घेऊ नये. निम्मी घ्यावी आणि चमचाभर दूध वाढवावे, कारण कोंडा पाणी ओढतो. शिवाय साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब कमी असल्याने पीठ लवकर फुगते आणि मग बसते. तिथे बेकिंग पावडर पाव हिश्शाने कमी करावी. म्हणजे जागा बदलली की जुनाच जिन्नसही वेगळा वागतो. हे बदली झालेल्या कोणालाही पटेल.

अंडे? साध्या स्कोनला ते लागतच नाही. बरेचदा ते फक्त वरून रंग यावा म्हणून लावतात. ते काम दूध करते. आमच्या टेबलावर अंडे न खाणारे नेहमीच असतात. त्यांच्यासाठी वेगळी बशी मांडण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच घाण बिनअंड्याचा काढावा. आणि काय बदलले ते खाणाऱ्याला आधीच सांगावे. गुपचूप केलेली बदली ही फसवणूक असते, मग चव कितीही जमलेली असो.

काही गोष्टींना मात्र बदली नाही. हात हलका हवा. चपातीच्या कणकेसारखे मळले की स्कोन चिवट झालाच. साय आणि जर्दाळूचा जॅम मात्र खुशाल लावा. डेव्हनमध्ये आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. या वादात आपण पडायचे कारण नाही.

माणसांच्या बाबतीत आपण हा हिशेब विसरतो. रजेवर गेलेल्या अनुभवी हवालदाराच्या जागी नाव लिहिले की तक्ता भरतो. पण तो रात्री न सांगता जनरेटर पाहून येत असे, नव्या पोरांशी दोन शब्द बोलत असे. ते काम कुणाकडे गेले? तक्त्यावर नाव चढवण्याआधी एवढे विचारायला हवे.