कल्चर निगेटिव्ह आले, म्हणजे नेमके काय कळले?

बस्तरमधील जगदलपूरपासून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर. तिकडून आणि कांकेर, धमतरी, महासमुंदकडून अत्यवस्थ नवजात बालके रायपूरच्या एम्समध्ये किंवा डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात पोचतात, तेव्हा त्यांतील कित्येकांच्या कागदपत्रांवर ‘सेप्सिसची शंका’ एवढेच लिहिलेले असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) छत्तीसगडमध्ये जन्मणाऱ्या दर १,००० बालकांपैकी ३२.४ बालके पहिल्या २८ दिवसांत दगावतात. शेजारच्या महाराष्ट्रात हा आकडा १६.५ आहे. अकाली जन्म, जन्मतः श्वास गुदमरणे अशी त्यामागची कारणे अनेक. परंतु रक्तातील जंतुसंसर्ग हे असे कारण आहे, की ज्यावर औषध आहे आणि ते वेळेत देताही येते. अडते ते निदानापाशी.

मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो. नवजात बालकाचे अंग उलट थंडही पडते. दूध ओढणे मंदावते, रडणे क्षीण होते, हातपाय सैल पडतात. आणि नुसती रक्तातील साखर उतरली, तरी यांतील बरेचसे दिसते. म्हणून रक्ताचे कल्चर करतात: पोषक द्रवाच्या बाटलीत रक्त घालून जंतू वाढतात का, हे पाहायचे. ही कसोटी आजही निर्णायक मानली जाते. प्रश्न असा, की तिचा ‘नाही’ हा निर्वाळा किती विश्वासार्ह?

येथे वैद्यकाआधी गणित येते. काही आजारी बालकांच्या दर मिलिलिटर रक्तात शेकडो जंतू असतात, काहींच्या अवघे एक-दोन. दर मिलिलिटरमागे सरासरी एक जंतू आहे असे धरू. अर्धा मिलिलिटर रक्त घेतले, तर त्यात एकही जंतू नसण्याची शक्यता, प्वासाँच्या वितरणानुसार, ६१ टक्के. एक मिलिलिटर घेतले तर ३७ टक्के, दोन घेतले तर १४ टक्के. म्हणजे बालक खरोखर आजारी असताना, प्रयोगशाळेने एकही चूक केलेली नसताना, अर्ध्या मिलिलिटरचा अहवाल दहापैकी सहा वेळा ‘निगेटिव्ह’ येणार. मात्र जंतूंची घनता चारपट असेल, तर तोच अर्धा मिलिलिटर केवळ १४ टक्के वेळा चुकेल.

मग जास्त रक्त का घेत नाहीत? एक किलो वजनाच्या बालकाच्या अंगात एकूण रक्तच ८० ते ९० मिलिलिटर असते. त्यातून एक मिलिलिटर काढणे म्हणजे प्रौढाच्या अंगातून एका वेळी ५०-६० मिलिलिटर काढणे. पहाटे तीनला केसाएवढ्या शिरेत सुई घालणाऱ्या निवासी डॉक्टरला हे प्रमाण शिकवावे लागत नाही. अर्धा मिलिलिटर मिळाला तरी हायसे वाटते.

जंतूंची संख्या अनुकूल स्थितीत २० ते ३० मिनिटांत दुप्पट होते. एका जंतूपासून सुमारे अब्जापर्यंत जायला ३० दुपटी लागतात, म्हणजे १० ते १५ तास. कल्चरच्या यंत्राला वाढ जाणवायला एवढा अवधी लागतो तो त्यामुळेच. रक्त दुप्पट घेतल्याने यातली एकच दुपट वाचते, फार तर अर्धा तास. खरा लाभ आहे तो बाटली रिकामी न राहण्यात.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजातांचा अभ्यास झाला. त्यांतील १४.३ टक्के बालकांना सेप्सिस असल्याचे निदान झाले, पण कल्चरने सिद्ध झाले ६.२ टक्क्यांतच. उरलेल्यांतील किती खरोखर जंतुबाधित होते आणि किती नव्हते, हे कोणत्याही एका बालकाबाबत ठामपणे म्हणता येत नाही. औषध थांबवावे तर जिवाला धोका, चालू ठेवावे तर प्रतिरोध वाढतो. त्याच अभ्यासात सर्वाधिक आढळलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते.

अशा वेळी ‘रक्ताच्या एका थेंबात, काही मिनिटांत निदान’ अशा संवेदक-चिपच्या बातम्या येतात, आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी स्वाभाविकच हुरळतात. जो जंतू त्या थेंबात आलाच नाही, तो कोणत्याही संवेदकाला सापडणार नाही. शरीराची प्रतिक्रिया मोजणे हा दुसरा मार्ग. पण सीआरपी वाढायलाच काही तास जातात, आणि प्रोकॅल्सिटोनिन तर जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत निरोगी बालकातही चढते.

कांकेरला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने जंतू मोजलेच नाहीत. खेड्यातील आरोग्यसेविकांना लक्षणे ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेप्सिसग्रस्त बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. पण रुग्णालयातला जंतू जेंटामायसिनला जुमानेलच असे नाही. कोणते औषध चालेल, हे सांगायला तेथे कल्चर लागतेच. रायपूरसारख्या शेवटच्या आधाराच्या ठिकाणी तर अधिकच.

म्हणून नवजातांच्या कल्चरच्या प्रत्येक अहवालावर रक्ताचे आकारमान छापलेले असावे. अर्ध्या मिलिलिटरचे ‘निगेटिव्ह’ आणि दीड मिलिलिटरचे ‘निगेटिव्ह’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. आज त्या एकाच शब्दात येतात. त्यासाठी नवा शोध लागत नाही. एक मिलिलिटर रक्ताचे वजन सुमारे १.०५ ग्रॅम असते. बाटली रक्त घालण्याआधी आणि नंतर तोलली की आकारमान कळते, आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा तराजू कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतो.