दस्ता बदलल्याने नेम सुधारेल?

भिवंडी : २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर पोलिसांच्या हाती जुन्या ३०३ रायफली होत्या. तेव्हापासून पोलिसांच्या शस्त्रांची चर्चा वारंवार झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी ३०३ ला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. नवी शस्त्रे महाग असल्याने जुन्याच रायफलीला बाजारातील नवा दस्ता बसवून धक्का कमी करण्याचा उपाय मोहक वाटतो.

मात्र, दस्त्याने मूळ धक्का घटत नाही. तो काडतूस आणि रायफलीचे वजन यांवर ठरतो. रबरी गादीमुळे तो खांद्यावर अधिक जागेत आणि किंचित अधिक वेळात विभागला जातो. दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्यास नळीचे तोंड कमी उसळते, इतकेच. सुमारे चार किलोच्या ३०३ चे लाकूड काढून हलके प्लॅस्टिक लावल्यास धक्का उलट वाढायचा!

भिवंडीत हा प्रश्न क्षुल्लक नाही. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना शिपाई दचकला, की गोळी भरकटते. यंत्रमागांच्या दाट वस्तीत ती कोठे शिरेल, याचा नेम नाही. तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचे जाळे विणलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असतानाही शांत राहिली. जुलै २००६ मध्ये मात्र येथे पोलीस गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले, दोन पोलिसांचीही हत्या झाली. दस्त्यांवर खर्च करण्यापूर्वी शिपायाच्या वाट्याला वर्षाकाठी सरावाच्या किती गोळ्या येतात, हे तपासणे अधिक निकडीचे आहे.