निवाऱ्याचे कर्ज

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले आणि भोला बेटासह त्रिभुज प्रदेशाचा मोठा भाग लाटेखाली गेला. त्यात किमान तीन लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. १९९१ च्या वादळात सुमारे एक लाख चाळीस हजार लोक मरण पावले. २००७ च्या 'सिद्र'मध्ये मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता आणि २०२० च्या 'अम्फान'मध्ये बांगलादेशातील बळी शंभराच्या पुष्कळ आत राहिले. सगळी वादळे सारख्या जोराची नसतात, हे मान्य केले तरी या उतरत्या आकड्यांचे श्रेय निसर्गाच्या दयेला देता येणार नाही. १९७२ पासून त्या देशाने किनाऱ्यावर गावोगाव स्वयंसेवकांची फौज उभी केली. आज ती सत्तर हजारांवर गेली आहे. कर्णे आणि निशाणे घेऊन ही माणसे घरोघर फिरतात व लोकांना खांबांवर उभारलेल्या पक्क्या निवाऱ्यांत नेतात. एरवी त्यांपैकी कित्येक इमारतींत प्राथमिक शाळा भरते.

बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. परंतु यांतील अनेक निवारे जागतिक बँकेच्या कर्जातून उभे राहिले आहेत. व्याज नाममात्र आणि मुदत दीर्घ, हे खरे; तरी मुद्दल बांगलादेशालाच फेडावयाचे आहे. जगातील कर्बवायूंच्या उत्सर्जनात ज्या देशाचा वाटा एक टक्काही नाही, त्याने दुसऱ्यांनी तापवलेल्या समुद्रापासून बचाव करण्यासाठी त्या दुसऱ्यांकडूनच कर्ज काढावे आणि देणाऱ्याने त्याची नोंद 'साहाय्य' या सदरात करावी, असा हा व्यवहार आहे.

२००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पुरे झाले, असे त्यांच्याच आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा हिशेब सांगतो. त्याच हिशेबाप्रमाणे सरकारी पैशांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक रक्कम कर्जाऊ होती. आणि एकूण रकमेचा मोठा भाग उत्सर्जन कमी करण्याच्या कामांकडे गेला. यात नवल नाही. सौरऊर्जेचा प्रकल्प वीज विकून कर्ज फेडतो. समुद्राचा बांध काय विकणार? निवाऱ्याचे उत्पन्न म्हणजे न मेलेली माणसे, आणि त्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. २०२४ साली बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलरचे नवे लक्ष्य ठरले, तेव्हा त्यात खासगी भांडवलही धरण्यात आले. भारताच्या प्रतिनिधीने त्या ठरावास दृष्टिभ्रम म्हटले, ते वावगे नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार जुळवून घेण्यासाठी गरीब व विकसनशील देशांना मिळालेला सरकारी पैसा २०२३ मध्ये सुमारे २६ अब्ज डॉलर होता, आदल्या वर्षापेक्षा कमीच. २०३५ सालची गरज तीनशे अब्जांच्या पुढे आहे.

हिशेबाची शिस्त कशी आहे, याचा नमुना त्याच किनाऱ्यावर सापडतो. कॉक्स बाजार जिल्ह्यात मातारबाडी येथे जपानी कर्जातून कोळशावरचे वीजकेंद्र उभे राहिले. त्या कर्जाची गणना जपानने हवामानविषयक साहाय्यात केली होती, हे रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये उजेडात आणले. कोळसा जाळणे हेही हवामानाचे रक्षण ठरत असेल, तर शंभर अब्जच काय, हजार अब्जही जमवता येतील!

गरीब देशांत असा पैसा वाटेतच मुरतो, हा आक्षेप खोटा नाही. बांगलादेशाने स्वतःच्या अंदाजपत्रकातून हवामान निधी स्थापन केला. त्याच्या खर्चातील गैरप्रकारांवर त्या देशातील संस्थांनीच बोट ठेवले आहे. पण चोरीच्या भीतीने अनुदान नाकारणारा सावकार कर्ज देताना ती भीती कशी विसरतो, हे कोडे आहे. द्यावयाचे मनात असले तर अनुदान देता येते. खुलना व सातखीरा जिल्ह्यांत खारे पाणी तळ्या-विहिरींत शिरले आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायकांना लांबवर चालावे लागते. तेथे पावसाचे पाणी साठवण्याच्या योजनेस हरित हवामान निधीने २०१८ मध्ये सुमारे अडीच कोटी डॉलर अनुदान मंजूर केले. बांगलादेश सरकारनेही आपला वाटा घातला.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. मराठवाडा-विदर्भातील गावांसाठी आखलेली 'पोकरा' योजना जागतिक बँकेने २०१८ साली मंजूर केलेल्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावरच उभी राहिली. भारताला हा बोजा पेलवतो, आणि उत्सर्जनात आपलाही वाटा आता लहान नाही. पण बांगलादेशाहून दुबळ्या राष्ट्रांचे काय?

२०२५ साली बेलेम येथील परिषदेने हे साहाय्य २०३५ पर्यंत तिप्पट करण्याच्या प्रयत्नांचे आवाहन केले आहे. तिप्पट कशाची, अनुदानाची की कर्जाची, हे मात्र त्यात लिहिलेले नाही. पुढील वाटाघाटींत भारताने इतर सारे मुद्दे बाजूला ठेवून या दोन रकमा वेगवेगळ्या मोजण्याचा आग्रह धरावा.